ब बोंबलाचा

मढच्या कोळीवाड्यात बालवाडीची बाई म्हणून मी लागले तेव्हा मला मासळीचे दोनच प्रकार ठाऊक होते, सुकट आणि सुके बोंबील. जिवंत मासा मी पाहिलेला नव्हता. समुद्र पाहिला होता तो जुहूचा, वर्षातून एकदा, आईचा हात धरून, घोट्यापर्यंत. बाकी सगळं मला पाच-सहा वर्षांच्या पोरांनी शिकवलं. पुढे लहान मुलांना शिकवण्यातच माझं आयुष्य गेलं, चार ठिकाणी बोलावणी आली, आणि व्यासपीठावर लोक माझ्या गुरूंची नावं विचारायला लागले. मी चंदा आणि फिलू अशी दोन नावं सांगायचे. लोकांना तो विनय वाटायचा. विनय वगैरे काही नव्हता, जे होतं ते सांगत होते.

आमची खोली अंधेरीला, आंबोलीच्या आतल्या अंगाला, चाळीतली अगदी शेवटची. आईवडील माणदेशातले, जिथे पावसाचं पाणी गावात मुक्काम करत नाही. आप्पा जवानीत मुंबईला येऊन गिरणीत लागले, आणि गिरणी बंद पडली तसे गोरेगावच्या एका सिनेमाच्या स्टुडिओत गेटवर वॉचमन झाले. खाकी शर्टाला ते स्वतः इस्त्री करायचे, तांब्यात निखारे घालून. त्यांना त्या शर्टाची लाज वाटायची, म्हणूनच इस्त्री इतकी कडक असायची हे मला फार उशिरा कळलं. सकाळी आमच्या घरात स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, मग भाकरी थापल्याचा, आणि त्या दोन्हींच्या वर आप्पांनी पेपर वाचल्याचा. आईला वाचता येत नव्हतं. म्हणून आप्पा अग्रलेखसुद्धा मोठ्याने वाचायचे, आणि आई भाकरी उलटता उलटता "म्हंजे काय?" "म्हंजे काय?" करून त्यांना भंडावून सोडायची. जेवायला बाजरीची भाकरी, हुलग्याची आमटी, आणि आठवड्यातून दोनदा तव्यावर भाजलेली सुकट, वर कांदा आणि हिरवी मिरची. सुकट तव्यावर पडली की समोरच्या खोलीचं दार धाडकन लागायचं. आई मान वर न करता म्हणायची, "लावा लावा. माझी सुकट फटीतनंबी येती." आणि डब्यातून आणखी एक मूठ काढून तव्यावर टाकायची. माझ्या अंगातला ताठा कुठून आला असं पुढे अनेकांनी विचारलं. त्यांनी माझी आई पाहिलेली नव्हती.

बारावीनंतर मी बालवाडीचा कोर्स केला आणि अंधेरीतल्या एका संस्थेनं मला मढ दिलं, कारण मढ दुसऱ्या कोणाला नको होतं. आंबोलीहून चालत बसस्टॉप, बसने वेसावे, आणि धक्क्यावरून होडीने खाडी ओलांडून पलीकडे. पहिल्या दिवशी होडीतून उतरताना साडी गुडघ्यापर्यंत भिजली आणि धक्क्यावर मासळी निवडत बसलेल्या बायका मनापासून हसल्या. त्यांतली एक, पारूबाई, सगळ्यांत मोठ्याने हसली आणि सगळ्यांत आधी उठून हात द्यायला आली. पन्नाशीची, रुंद हाडाची, हातभर हिरव्या बांगड्या. बाजारात जाणाऱ्या बायकांची ती पुढारी. "टीचर काय तू?" तिने विचारलं. "एवढीशी? आमची पोरं तुना समुद्रात टाकतील गो बाय." पोरांनी मला समुद्रात टाकलं नाही, पण पहिले दोन महिने मी वर्गात गटांगळ्या खात होते हे खरं.

बालवाडी गावच्या समाजाच्या खोलीत भरायची. एका खिडकीतून धक्का दिसायचा, दुसरीतून बोंबील वाळत घालायचं मैदान. अठ्ठावीस मुलं. काही हिंदू कोळ्यांची, काही ख्रिस्ती, सगळी सारखीच काळीसावळी, मिठाने केस ताठ झालेली. संस्थेनं मला छापील तक्ता दिला होता. अ अननसाचा, ब बदकाचा, औ औताचा. मी छडी घेऊन एकेका चित्रावर ठेवायची आणि मुलं ओरडायची. पाठ झालं होतं त्यांचं. अक्षर झाकलं तरी ओरडायची, तक्ता उलटा धरला तरी ओरडायची. मला वाटायचं, वा, किती हुशार मुलं!

एके दिवशी मी आवाज बंद करून चित्रं ओळखायला लावली. औताच्या चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय?" कोणी बोलेना. मग पारूबाईची नात चंदा उभी राहिली. पाच वर्षांची, दोन पुढचे दात पडलेले, कायम भांडायच्या तयारीत. म्हणाली, "नांगर." मला आनंद झाला. औत काय आणि नांगर काय, माणदेशात दोन्ही एकच. "शाबास! आणि नांगर कशाला लागतो गं?"

"बोट थांबवाया," चंदा म्हणाली.

मी म्हटलं, "नाही गं. नांगर शेतात चालतो."

सगळा वर्ग हसायला लागला. चंदाने कमरेवर हात ठेवले. "टीचर, नांगर चालला तर बोट जाईल ना वाहून!" आणि माझा हात धरून तिने मला खिडकीशी नेलं. ओहोटी होती. गाळात एक बोट कलंडलेली, आणि तिच्या पुढ्यात दोरखंडाला बांधलेला, चिखलात रुतलेला लोखंडाचा नांगर. चित्रातल्या औताहून फारसा वेगळा दिसत नव्हता. माझ्या आजोबांच्या नांगराने जमीन उलटायची, आणि यांच्या नांगराने बोट जागची हलायची नाही. शब्द तोच. माझ्या हातात तक्ता होता म्हणून मी बरोबर होते, एवढंच.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आप्पा खो खो हसले. आई हसली नाही. पीठ मळता मळता म्हणाली, "मग पोरीचं बरोबरच हाय की. चुकलं कोण?"

दुसऱ्या दिवसापासून मी तक्ता गुंडाळून कोपऱ्यात उभा केला. स्टुडिओत सेट मोडले की रंगवलेल्या प्लायवूडचे तुकडे फेकून द्यायचे. आप्पांनी ते मला आणून दिले, राजवाड्याची भिंत, हॉस्पिटलचं दार, असले. त्यांतून मी करवतीने मासे कापले. कापायचे कसे ते मुलं सांगायची, कारण मला पापलेट आणि हलवा यांतला फरक कळत नव्हता. "याचं पोट नाय असं, टीचर!" "शेपूट कुठं हाय?" प्रत्येक माशाच्या पोटावर एक अक्षर. ब बोंबलाचा, प पापलेटचा, र रावसाचा, म मांदेलीचा, च चिंबोरीचा, त तिसऱ्यांचा. माशांत बसत नव्हती त्यांना व वल्ह्याचा, श शिडाचा, आणि अर्थातच न नांगराचा. मुलांनी हे तक्त्यासारखं पाठ केलं नाही. ती भांडायला लागली. "र रावसाचा कशाला, राणीचापन हाय ना?" "मग राणीमासा वेगळा काढ." जिथे मुलं अक्षरावरून भांडतात तिथे बाईला फारसं काम उरत नाही.

एक अक्षर मात्र अडलं. कोळीवाड्यात ळ नाही. जाळं म्हणजे जालं, घोळ मासा म्हणजे घोल, आणि कोळी स्वतःला कोली म्हणतात. कोर्समध्ये आम्हाला शिकवलं होतं की मूल चुकीचं बोललं की तिथल्या तिथे सुधारा. मी दोनदा सुधारलं, आणि तिसऱ्यांदा चंदाने विचारलं, "म्हंजे माझी आजी चुकतं का?" मी फळ्यावर ळ काढला, मोठा, दोन गोल डोळे असलेला, आणि म्हटलं, "तुमच्या घरी आहे ते जालं. पुस्तकात ते जाळं होतं. वस्तू एकच. दोन्ही यायला पाहिजेत, एक बाजारात लागेल आणि एक शाळेत." त्यांना ते सहज पटलं. आपली आई घरात एक बोलते आणि गिऱ्हाइकाशी दुसरंच बोलते हे ती रोज ऐकत होतीच.

गणित आम्ही खोलीत केलंच नाही. मैदानात बांबूच्या वलांड्या उभ्या असायच्या आणि त्यांवर बोंबील वाळायचे, दोन-दोन, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून. दोनाचा पाढा तिथे उन्हात टांगलेला होता, मी फक्त मोजायला लावलं. बे एके बे, बे दुणे चार, आणि चुकलं तर जाऊन बोट लावून बघ. वजाबाकी धक्क्यावर. धक्क्याला बारा पायऱ्या. सकाळी आल्या आल्या मोजायचं, आज उघड्या किती? सात. मग पाण्याखाली किती? पहिल्यांदा मुलं खरंच पाण्यात उतरून पायांनी मोजायची. पंधरा दिवसांत उतरायची बंद झाली. "पाच," म्हणायची वरूनच, कंटाळल्यासारखी. दुपारी सुटताना पाणी वर चढलेलं असलं की पुन्हा. भागाकारसुद्धा झाला आमचा, शिंपल्यांचे वाटे घालून, बाजारात आया घालतात तसे, पण त्याला भागाकार म्हणतात हे मी कोणाला सांगितलं नाही. ओल्या वाळूवर काठीने अक्षरं काढायची, पुरुषभर उंचीची, आणि त्यांच्या रेघेवरून चालायचं.

यात एक फिलू होती. आग्नेस नावाच्या बाईची धाकटी मुलगी, फिलोमिना. ती वर्गात एक शब्द बोलत नव्हती. घरी बोलायची म्हणे, आईशी, तेही कानात. पण वाळूवर सगळ्यांत सरळ रेघ तिची. आपण अक्षर सांगायचं, ती मान खाली घालून काढायची आणि पळून जायची. मी तिला बोल असं कधी म्हटलं नाही. मला स्वतःला सातवीपर्यंत वर्गात उत्तर येत असून बोलता येत नव्हतं, आणि "बोल ना, बोल ना" म्हणणाऱ्या बाईंचा मी किती राग राग करायची ते मला आठवत होतं.

दिवाळीनंतर संस्थेच्या पर्यवेक्षिका प्रमिलाताई आल्या. त्या महिन्यातून एकदा यायच्या, पण यायच्या आधी निरोप पाठवायच्या. या वेळी निरोप आला नाही. नाकाला रुमाल लावून त्या दारात उभ्या राहिल्या आणि भिंतीवर ओळीने टांगलेल्या माशांकडे बघत राहिल्या.

"हे काय आहे, सुजाता?"

"ब," मी म्हटलं.

"ते दिसतंय मला. ब बदकाचा असतो."

"इथे बदकं नाहीत, ताई."

"मग बदक शिकवायचं! जे पाहिलेलं नाही ते दाखवणं, यालाच शिक्षण म्हणतात."

आज या वयात मला वाटतं, त्यांच्या बोलण्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. बदक दाखवायलाच हवं, अननसही आणि औतही. पण त्या बदकापर्यंत जायचं कुठून? उभं आहोत तिथूनच ना? हे तेव्हा मला असं मांडता आलं नसतं. तेवढ्यात कुणीतरी "जालं" म्हटलं, आणि ताईंनी रुमाल काढून त्या पोराला तो शब्द तीनदा सुधारून म्हणायला लावला. पोरगं रडायला लागलं. ताई माझ्याकडे वळल्या. "आपल्या संस्थेचे मोठे मोठे आश्रयदाते आहेत, शुद्ध शाकाहारी. ते इथे आले आणि त्यांनी भिंतीवर हे बघितलं, तर? तुमच्या घरी चालत असेल हे सगळं."

तो "तुमच्या" त्यांनी जरा लांबवला. तो शब्द तसा लांबवलेला मी शाळेत ऐकला होता, पाण्याच्या पिंपाशी ऐकला होता, चाळीत ऐकला होता. दर वेळी खाली बघितलं होतं. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, समोर अठ्ठावीस पोरं बघत होती म्हणूनही असेल. मी म्हटलं, "हो ताई, आमच्या घरी चालतं. या सगळ्यांच्या घरी चालतं. चालत नाही असं या खोलीत एकच माणूस आहे."

त्या पुन्हा नाकाला रुमाल लावून निघून गेल्या. मी मुलांमध्ये चटईवर बसून घेतलं.

चार दिवसांनी संस्थेचा लखोटा आला. आत टाइप केलेलं माफीपत्र, खाली माझ्या सहीपुरती जागा. बालवाडीतील मुलांस अभ्यासक्रमाबाहेरचे व अशुद्ध शिकविल्याबद्दल मी दिलगीर आहे, यापुढे असे होणार नाही. सोमवारपर्यंत सही करून द्यावे, अन्यथा काम थांबवावे.

आप्पांनी ते पत्र उभं राहून वाचलं, मोठ्याने, पेपर वाचतात तसं. मग घडी घालून माझ्यापुढे ठेवलं. "सही कर."

"मी चूक केली नाही, आप्पा."

"मी काय चूक केली म्हणून गेटवर उभा ऱ्हातो? पोराच्या वयाच्या हिरोला सलाम ठोकतो दिवसातनं धा वेळा. काय झिजतं हाताचं? सही कर आन् उद्या होडीत बस. चार भिंतीच्या आत मग काय शिकवायचं ते शिकव."

"भिंतीच्या आत नाही शिकवत मी," मी म्हटलं. मला खरं तर रडू येत होतं. आप्पांना उलट उत्तर मी त्याआधी कधी दिलं नव्हतं.

आई स्टोव्हपाशी बसली होती. ती म्हणाली, "आवं, तिच्या जागी तुमी असता तर केली असती सही?"

"केली असती."

"म्हणूनच तिला शिकवली ना आपण?"

आप्पा चपला घालून बाहेर गेले. त्यानंतर ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. पेपरसुद्धा मनात वाचायला लागले, आणि आईचे "म्हंजे काय" बंद पडले. घर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं.

सोमवारी मी संस्थेच्या ऑफिसात गेले. सही केली नव्हती. पण पत्र पुन्हा वाचताना एक गोष्ट लक्षात आली होती. अशुद्ध हा शब्दच अशुद्ध छापलेला होता. द अर्धा आणि ध पूर्ण हवा, तिथे उलटं झालं होतं. मी लाल पेनाने त्या शब्दाखाली रेघ मारली, समासात बरोबर रूप लिहिलं, शेजारी पोरांच्या पाटीवर देते तसा एक शेरा दिला, "दहा वेळा लिहा", आणि पत्र प्रमिलाताईंच्या टेबलावर ठेवून जिना उतरले. आता वाटतं, टाइपरायटरचा दोष असणार, त्या यंत्रांत तसली जोडाक्षरं नीट निघतच नव्हती. टाइपिस्ट बिचारा कोण होता देव जाणे. पण मी एकोणीस वर्षांची होते आणि मला त्याचा पश्चात्ताप झाला नाही. खरं सांगायचं तर अजूनही नाही.

दोन दिवसांनी संस्थेची माणसं मढला येऊन सामान घेऊन गेली. चटया, खेळणी, फळा, छापील तक्ता, सगळं यादीप्रमाणे. प्लायवूडचे मासे त्यांनी हातात धरून उलटेसुलटे पाहिले आणि परत टांगून ठेवले, कारण ते यादीत नव्हते. मी निरोप घ्यायला म्हणून गेले होते. मुलं भिंतीला टेकून उभी. पारूबाई मासळीची पाटी खाली ठेवून दारात आली.

"खोली कोनाची?" तिने मला विचारलं.

"समाजाची."

"पोरं कोनाची?"

"तुमची."

"मासे?"

"माझे."

"मग गेलं काय?" ती म्हणाली. "चटया ना? चटया हायत आमचेकडं. तू उद्या येतंस का नाय ते सांग."

मी दुसऱ्या दिवशी गेले. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही. होडीवाल्याने मला बसवून घ्यायचं आणि विचारायचं नाही असं कोणीतरी परस्पर ठरवलं होतं. रोज निघताना एकेका घरातून माझ्या पिशवीत ताजी मासळी पडायची. आईपुढे हे नवंच संकट. सुक्या बोंबलाची तिला सवय. ताजा बोंबील तिने पहिल्यांदा केला तेव्हा काळं तिखट घालून, मटणासारखा, चांगला तासभर शिजवला. झाकण काढलं तर कालवणात काही नाही. "आगं, विरघळला की ह्यो!" ती ओरडली. दुसऱ्या दिवशी मी पारूबाईला विचारून आले, आणि हळूहळू आमच्या घरी तिरफळं आली, कोकम आलं, तांदळाचं पीठ लावून तळलेल्या मांदेल्या आल्या. आप्पा मासळीला हात लावत नव्हते. भाकरी आणि ठेचा घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवायचे. एक महिना असा गेला. मग एका सकाळी मी निघताना दारापाशी प्लायवूडचे चार तुकडे दोरीने बांधून ठेवलेले दिसले. आप्पा शर्टाला इस्त्री करत होते. मान वर न करता म्हणाले, "देवळाचा सेट मोडला. ळ राहिला होता ना तुझा?" त्या दिवशी रात्रीच्या जेवणात त्यांनी आईला विचारलं, "ह्यो कंचा मासा?" आई म्हणाली, "घोळ. तुमी घालता तसला." इतक्या दिवसांनी आप्पा हसले.

जूनमध्ये पहिलीचे प्रवेश होते. जवळच्या शाळेत दर वर्षी कोळीवाड्यातली निम्मी पोरं परत पाठवायचे. मुख्याध्यापक दोन प्रश्न विचारायचे, पोर गप्प राहायचं, आणि "अजून तयार नाही, पुढच्या वर्षी आणा" असा शेरा पडायचा. पुढच्या वर्षी ते पोर कोळंबी सोलायला बसलेलं असायचं आणि कोणी आणायचं नाही. विशेषतः मुलींना. पारूबाई स्वतः अशीच परत आलेली होती. हे तिने मला त्या दिवशी शाळेकडे चालताना सांगितलं, चंदाच्या वेणीची रिबीन घट्ट करत, एकाच वाक्यात.

बोटी पावसासाठी किनाऱ्यावर ओढलेल्या, त्यामुळे आयांना सवड होती. चौदा मुलं पहिलीच्या वयाची, चौदा आया, आणि मी. मुख्याध्यापकांनी मला विचारलं, "तुम्ही कोण? कोणत्या संस्थेच्या?" मी म्हटलं, "कोणत्याच नाही." ते म्हणाले, मग भिंतीशी उभ्या राहा आणि मध्ये बोलू नका.

पहिली चंदा. "दहातून चार गेले, राहिले किती?"

चंदाने विचारलं, "पानी चढतंय का उतरतंय?"

"कसलं पाणी?"

चंदाने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. "चढतंय धरते," ती उदारपणे म्हणाली. "सहा." मुख्याध्यापकांनी चष्मा वर केला. मग त्यांनी तिला बारातून पाच, नवातून तीन, चौदातून सात असं विचारलं आणि तिने पटापट सांगून टाकलं. जाळे हा शब्द दाखवला तर वाचून दाखवला आणि वर सांगितलं, "घरी जालं म्हनतात. ते पन बरोबर हाय." तिचं नाव रजिस्टरात गेलं. पाठोपाठ आठ मुलांची गेली.

मग फिलू. मुख्याध्यापकांनी नाव विचारलं. ती गप्प. वडिलांचं नाव विचारलं. गप्प. तिने आईच्या पदरात तोंड घातलं. त्यांनी पेन ठेवलं आणि तेच म्हणाले, "पुढच्या वर्षी आणा." आग्नेस तिला कडेवर घ्यायला वाकली. तिच्या चेहऱ्यावर रागसुद्धा नव्हता, हे मला सहन झालं नाही.

"नाही," मी म्हटलं.

"तुम्हाला सांगितलं ना, मध्ये बोलायचं नाही."

"ती बोलत नाही, सर. येत नाही असं नाही. तिला लिहायला द्या."

"शाळेत बोलावं लागतं, बाई. मी नियमाने चालतो. पुढचा मुलगा आणा."

पुढचा मुलगा कोणी आणलाच नाही. पारूबाईने बसायच्या आधी लुगडं सावरलं आणि ऑफिसच्या मधोमध फरशीवर मांडी घातली. तिच्या मागे आग्नेस बसली, मग एकेक करत बाकीच्या. काही आत मावल्या नाहीत, त्या व्हरांड्यात बसल्या. ना घोषणा, ना आरडाओरडा. एकीने बटवा काढून पान जुळवायला घेतलं. शिपाई दारातून डोकावला आणि परत गेला.

"हे काय चाललंय?" मुख्याध्यापक उभे राहिले.

"काय नाय," पारूबाई म्हणाली. "बसलो. आमच्या बोटी दोन महिने बंद हायत, मास्तर. आमाला घाई नाय."

ते माझ्यावर ओरडले की हे तुम्ही शिकवलंत. मी म्हटलं, हे त्यांना आधीपासून येतं. ते पुन्हा खुर्चीत बसले. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. किती वेळ गेला सांगता येणार नाही. आणि मग, कोणी तिला सांगितलं नव्हतं, मी तर नाहीच नाही, फिलू आईच्या मांडीवरून उठली. टेबलापर्यंत चालत गेली. टेबल तिच्या हनुवटीला लागत होतं. टाचा वर करून तिने उघड्या रजिस्टरावरचं मुख्याध्यापकांचं पेन उचललं.

"अगं, तिथे नाही—" ते म्हणाले, पण तोवर फ झाला होता. तिने जीभ दातांत धरून, मोठ्या मोठ्या अक्षरांत, फिलोमिना लिहिलं. नावाच्या रकान्यात ते मावलं नाही. ते जन्मतारखेच्या रकान्यात गेलं, तिथून जातीच्या, आणि पानाच्या काठाशी जाऊन थांबलं. मग तिने पेन जिथून घेतलं होतं तिथे ठेवलं आणि परत जाऊन आईच्या मांडीवर बसली.

मुख्याध्यापकांनी रजिस्टर आपल्याकडे ओढून ते पान निरखलं. शेवटी हळूच म्हणाले, "रजिस्टर खराब झालं."

"मग पुढचं पान काढा, मास्तर," पारूबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "अजून चार पोरं हायत."